नऊ नंबरच्या हंडीचा सूर

मी एक पालथी हंडी बोलतेय. हंडी म्हणायचं ते आपलं तुमच्या सोयीसाठी. माझ्यात कधी वरण शिजलं नाही की दूध तापलं नाही. मी काशाची आहे, खालून उघडी आहे आणि माझ्या डोक्यावर लिंबाएवढं टेंगूळ आहे. कापड गुंडाळलेल्या काठीनं त्या टेंगळावर हलकेच मारलं की मी बोलते. एरवी गप्प असते. आज मात्र कुणी न मारताच बोलणार आहे, कारण माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट लिहिली जाता जाता राहिली, आणि ती कुणामुळे राहिली हे कुठंच छापून आलेलं नाही.

माझा जन्म जावा बेटावरचा. तिथल्या लोहारानं मला भट्टीत लाल केलं, पाण्यात बुडवलं, ठोकलं, पुन्हा लाल केलं. शेवटी कानस घेऊन बसला आणि थोडं घासून, थोडं ऐकून त्यानं मला माझा सूर दिला. माझ्यासारख्या दहा जणी होत्या. आम्हाला लाकडी चौकटीत ताणलेल्या दोऱ्यांवर दोन ओळींत बसवलं, आणि आमच्या त्या कुटुंबाला बोनांग हे नाव होतं. भोवती मोठ्या घंटा, पट्ट्या, ढोल. एवढा सगळा ताफा एकत्र वाजायचा त्याला तिकडे गामेलान म्हणतात.

आम्हाला वाजवायचा तो कार्तो नावाचा म्हातारा. बोटं वाकडी, पण काठी पडायची ती नेमकी टेंगळावर. कुणी पोर आम्हाला ओलांडून गेलं तर तो ओरडायचा. वाद्याला ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं, अशी तिथली रीत. लग्न असो की मयत, आम्ही हजर. आमच्या सुरांची कुणाला मोजदाद नव्हती. कार्तोला तर आकडेही येत नसावेत, सूर मात्र येत होते.

मग एक डच अधिकारी आला. त्या काळी तिथं त्यांचंच राज्य होतं. बरोबर एक लांबट लाकडी पेटी होती, तिच्यावर एकच तार ताणलेली. तीन दिवस तो आमच्यापुढं मांडी घालून बसला. एकेकीला वाजवायचा, तारेखालची घोडी सरकवून तारेचा सूर तिच्या सुराशी जुळवायचा आणि वहीत आकडा लिहायचा. प्रत्येकीला तीन-तीनदा विचारायचा. माणूस कष्टाळू होता, हे मी त्याच्या पाठीमागं सांगते. पण त्या तीन दिवसांत त्यानं कार्तोला त्याचं नाव एकदाही विचारलं नाही. पुढं त्याचं जाड पुस्तक निघालं. त्यात आमचा फोटो होता, मागं कार्तो बसलेला होता आणि खाली छापलं होतं, 'एक वादक'.

जाताना साहेबानं आम्हाला आपल्या बंगल्यावर नेलं. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीच्या आतल्या काठावर छिन्नीनं आकडा कोरून घेतला. मी झाले नऊ नंबर. कार्तो दोनदा बंगल्याच्या फाटकापर्यंत येऊन गेला. तिसऱ्यांदा आला नाही.

साहेब गेला, दुसरे साहेब आले, मग लढाई आली. जपान्यांच्या वेळी माझ्या बहिणींना धातूसाठी गाडीत भरून नेलं. मी कपाटाखाली घरंगळले होते म्हणून वाचले. लढाई संपल्यावर हिंदी पलटण आली आणि त्या ओसाड बंगल्यावर पहारा लागला रेवणसिद्धप्पाचा. हा गडी आळंदचा, घरी तुरीचा व्यापार. त्यानं मला कपाटाखालून काढलं, धूळ पुसली आणि पाठीवरच्या पिशवीत घातलं. शेजारी ते जाड पुस्तक पडलं होतं, शिवण सुटलेलं. त्यात माझ्यासारख्या हंड्यांचं चित्र दिसलं म्हणून तेही घेतलं. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. विचारायला तिथं कुणी नव्हतं.

आळंदला मी चार वर्षं त्याच्या आडतीत होते. तो माझ्यात नमुन्याची तूर ठेवायचा. डोक्यावर टेंगूळ असल्यानं मला उलटं केलं की मी डुगडुगते आणि तूर सांडते, हे चार वर्षांत त्याच्या ध्यानात आलं नाही. मधे एक साल फार वाईट गेलं. हैदराबाद राज्यात धामधूम माजली, तेव्हा त्यानं मला आणि पुस्तकाला घरातल्या भांड्यांबरोबर जमिनीत पुरलं. वर पावलं धावायची ती मला ऐकू यायची. पोलीस ॲक्शन झाल्यावर आम्हाला वर काढलं.

एकोणीसशे पन्नासच्या दिवाळीत नरहरराव मास्तर आळंदला आले. पूर्वी ते तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत आणि रेवणसिद्धप्पा त्यांचा विद्यार्थी. आता बदलीनं बिदरला होते. गळा बरा, कान त्याहून बरा. आडतीत गप्पा मारता मारता त्यांची काठी सहज मला लागली आणि ते बोलायचे थांबले.

"हे काय रे?"

"जावाचं हाय, मास्तर. तुमी पेपरात वाचलाव न्हवं का, तो देश आता मोकळा झाला म्हणून? हे बुक बी तिथलंच. डच भाषा हाय, मी नुसती चित्रं बघितलो."

"देतोस मला?"

"न्या की. मला काय करायचंय? तूर सांडायलीय सारखी."

असं माझं बिदरला येणं झालं. मैलूर भागात मास्तरांचं भाड्याचं घर, पुढं अंगण, मागं विहीर. मास्तरांनी मला अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलं आणि पुस्तक घेऊन आत गेले. त्यांच्या पत्नी मालतीबाई दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. पाहुणा कुठल्या घरचा, कुठल्या जातीचा हे माहीत नसताना पाटावर बसवायला जशी बाई कचरते, तशा त्या कचरत होत्या.

चौथ्या दिवशी मास्तर शाळेत गेल्यावर त्यांनी अंगणात गोवऱ्या रचल्या आणि मला मधोमध ठेवून पेटवलं. त्यांच्या माहेरी-सासरी अशीच रीत होती. परक्या हातचं भांडं घरात घ्यायचं तर मातीचं टाकून द्यायचं, धातूचं विस्तवातून काढायचं. मी लालभडक झाले. लोहारानं लाल केल्यावर मला पाण्यात बुडवलं होतं. इथं तशीच राखेत निवू दिली. आतून काहीतरी सैल झालं. तुमच्याकडं म्हणतात ना, अंगातलं पाणी गेलं, तसं. मग चिंच आणि राख लावून त्यांनी मला घासलं, देवघराबाहेरच्या फळीवर ठेवलं आणि हळदकुंकू लावलं. इतक्या मानानं मला कुणी घरात घेतलं नव्हतं. आणि त्याच मानापायी मी माझा सूर गमावला होता.

संध्याकाळी मास्तर आले. "वा! घासलीस का? लखलखायलीय की!"

"व्हय," मालतीबाई म्हणाल्या.

घासली होती हे खरंच होतं. पुढचं काही त्यांनी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

मग सुरू झालं मास्तरांचं वेड. मुंबईहून डच शब्दकोश मागवला. रोज शाळेतून आल्यावर दोन पानं, कधी एक, कधी नुसता एक परिच्छेद. जाकार्त्याच्या ग्रंथालयाला पत्रं गेली, हेग शहराला गेली. एकाचं उत्तर आलं, त्यात शुभेच्छा होत्या. गावातले लोक हसायचे. बिदरच्या मास्तरनं जावाच्या गाण्याचा इतिहास लिहायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मास्तर म्हणायचे, "त्यांचं गाणं डच साहेबांनी लिहून ठेवलंय, आपलं इंग्रज साहेबांनी. बरोबर लिहिलं की चूक, हे आपल्यापैकी कुणीतरी तपासायला नको?"

आणि तपासायचं साधन त्यांच्या घरात होतं. ते साधन म्हणजे मी. पुस्तकात मागं एक तक्ता होता. त्यात नऊ नंबरच्या हंडीपुढं छापलं होतं, एका सेकंदाला चारशे बत्तीस कंपनं. माझ्या काठावरचा नऊचा आकडा बघितला त्या दिवशी मास्तरांनी मालतीबाईंना हाक मारून मारून बोलावलं होतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत तारेची पेटी होती, साहेबाच्या पेटीची चुलत बहीणच म्हणा. ती दर शनिवारी घरी यायची. मास्तर एका ठरीव सुराच्या लोखंडी चिमट्यावर तार लावून घ्यायचे, मग मला वाजवून घोडी सरकवायचे, लांबी मोजायचे आणि गणित करायचे. पहिल्या शनिवारी उत्तर आलं चारशे नऊ. दुसऱ्या शनिवारी चारशे दहा. तिसऱ्यांदा पुन्हा चारशे नऊ. माझा सूर तेवीस कंपनांनी उतरला होता. कानाला एवढा फरक म्हणजे चांगलाच खड्डा.

आता मास्तरांचा विचार कसा गेला ते ऐका. साहेबानं पुस्तकात लिहिलं होतं की जावाच्या या वाद्यांत सप्तकाचे पाच सारखे भाग केलेले असतात. त्याच्या तक्त्यातली नऊ नंबरची हंडी त्या हिशेबात अगदी चपखल बसत होती. खरी हंडी बसत नव्हती. म्हणजे साहेबानं सिद्धान्त आधी केला आणि आकडे मागाहून वाकवले. राज्य त्याचं, वही त्याची, विचारणार कोण? मास्तरांचे डोळे चमकले. त्यांना असंच काहीतरी सापडायला हवं होतं, हे मला फळीवरून दिसत होतं.

मी ओरडून सांगितलं असतं. पण मला बोलायला एकच सूर, आणि तोच तर बिघडलेला. ते मला विचारायचे आणि मी दरवेळी तेच खोटं सांगायचे. या तीन वर्षांत मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही. तो साहेब मेलेला होता, स्वतःची बाजू मांडायला येणार नव्हता, आणि त्याच्याविरुद्ध उभी केलेली साक्षीदार मी होते.

निबंध तयार झाला. हैदराबादला विद्वानांची सभा भरणार होती, तिथं वाचायचं बोलावणं आलं. तिथल्या एका कॉलेजात जागा रिकामी होती आणि निबंध पसंत पडला तर ती मास्तरांना मिळेल, असं सभेच्या चिटणीसांनी खाजगीत कळवलं होतं. पंचेचाळिशीतला शाळामास्तर, त्याला असं दार पुन्हा कधी उघडणार? मालतीबाईंनी नव्या कोटाचं कापड आणलं.

जाण्याच्या आधी चार दिवस, उन्हं कलताना, मास्तर त्यांना निबंध मराठीत समजावून सांगत होते. बाई सुपात डाळ निवडत होत्या.

"इथं साहेब सापडला बघ. हंडी तीच, नंबर तोच, मग सूर वेगळा कसा? काशाला साठ वर्षांत काय होतंय? तापवून वितळवलं तरच बदलंल."

बाईंचा हात सुपात थांबला. "नुसतं तापवलं तर?"

"लाल होईस्तोवर तापवलं तर बदलंल की. पण कोण कशाला तापवंल?"

डाळ निवडून झाली होती तरी बाई निवडत राहिल्या. पुढचे तीन दिवस त्यांचं कशात लक्ष नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडलं. फळीजवळून जाताना त्या माझ्याकडं बघायच्या नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण लपवायचं भांडंच घरात समोर मांडून ठेवलेलं असलं तर बाईनं काय करावं? गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. नवऱ्याचं भलं झालं असतं, त्यांचंही झालं असतं. मी त्यांना मनोमन म्हणत होते, सांगा. आणि सांगितलं तर काय होईल याची मलाही भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी सकाळी, ट्रंक भरायला घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, थांबा. त्या हंडीला मी विस्तवात घातलं होतं."

मास्तरांना आधी समजलंच नाही. "कधी?"

"आणली त्याच आठवड्यात. तुम्ही शाळेत होतात. चांगली लाल झाली होती."

"कामून?"

"समुद्रापलीकडची. कुणाच्या हातची, त्यात काय शिजवलेलं, कुणाला ठाऊक? घरात देव हाईत. भांडंच समजले मी."

"तीन वर्षं!" मास्तर ओरडले. "तीन वर्षं मी मरमर मरायलोय, आणि तू आज सांगायलीस?"

"मला चार दिवसांमागंच कळलं, त्यानं सूर बदलतो म्हणून. कळल्यावर तीन दिवस दडवलं, तेवढी माझी चूक हाय."

मास्तर विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. दुपारी जेवायला उठले नाहीत. दोनदा बाई गेल्या, दोनदा परत आल्या. ऊन भिंतीवरून वर सरकलं तेव्हा मास्तर आत आले. त्यांनी वही उघडली आणि पत्नीसमोर मांडी घातली.

"गोवऱ्या किती होत्या?"

"पंधरा-वीस."

"किती वेळ होती विस्तवात?"

"निखारे पडंस्तोवर. मग राखेतच निवू दिली."

"पाणी नाही टाकलं?"

"न्हाई."

ते लिहीत होते, त्या सांगत होत्या. त्यांच्या इतक्या वर्षांच्या संसारात मालतीबाईंचं बोलणं त्यांनी लिहून घेतल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं. शेवटी मास्तरांनी वही मिटली. "आता पहिला सूर कुणालाच कळणार नाही. गेला तो."

"कळणार न्हाई कामून? मला येतो की," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान वर केली.

"तीन दिवस कट्ट्यावर होती ती. येता-जाता टिचकी मारायची मी. गोड होती. तिच्यावरनं मी सकाळची भूपाळी धरली, तवापासून तोच सूर धरायलेय. तुम्हीच म्हणालात न्हवं का एकदा, अलीकडं चढ्या सुरात म्हणायलीस म्हणून?"

ते म्हणाले होते. मीही ऐकलं होतं आणि मीही काही समजले नव्हते.

शनिवार नव्हता. मास्तर तसेच धावत शाळेत गेले आणि पेटी घेऊन आले. बाईंना त्यांनी भिंतीकडं तोंड करून बसवलं, तार दिसू नये म्हणून. मला कापडात गुंडाळून माजघरात ठेवलं, त्यांना माझा आधार मिळू नये म्हणून. "म्हण," ते म्हणाले. बाई आधी लाजल्या. मग डोळे मिटून भूपाळीचा पहिला शब्द त्यांनी धरला आणि तिथंच थांबल्या.

माजघरातून मी कानात प्राण आणून ऐकत होते. तो मीच होते! लोहारानं दिलेली, कार्तोनं वाजवलेली, राखेत हरवलेली मी, बिदरच्या एका बाईच्या गळ्यातून आले होते. भांड्याला रडता येत असतं तर मी रडले असते.

मास्तरांनी घोडी सरकवली, लांबी मोजली, गणित केलं. चारशे तीस. पाणी प्यायला लावून पुन्हा म्हणायला सांगितलं. चारशे तेहतीस. विहिरीवर जाऊन यायला सांगून पुन्हा. चारशे एकतीस. साहेबाचा तक्ता म्हणत होता चारशे बत्तीस.

"साहेब खरा होता," मास्तर हळूच म्हणाले. त्यांनी सोळा पानांचा निबंध मधोमध फाडला.

रात्रीच्या गाडीनं जायचं ते दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेले. गाडीत बसून नवा निबंध लिहिला, पाचच पानांचा. त्यात साहेबाचा तक्ता बरोबर असल्याचं लिहिलं, आपण त्याच्यावर खोटा आळ घेणार होतो हे लिहिलं, त्यानं वाजवणाऱ्याचं नाव दिलं नाही हेही लिहिलं. हंडीला विस्तवात घालणारी आणि तिचा मूळ सूर जपणारी व्यक्ती म्हणून मालतीबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. बाईंनी निघताना विनवलं होतं, "घरातली एक बाई, एवढंच लिहा. लोक हसतील." त्यांनी ऐकलं नाही.

लोक हसलेच. परत आल्यावर मास्तरांनी सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, डच तक्त्याचा भाग छापू, विस्तवाचा आणि भूपाळीचा भाग गाळा, बायकांच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत. मास्तर म्हणाले, तो गाळला तर तक्ता खरा हे मी कशावरून म्हणू? निबंध त्यांनी परत मागून घेतला. कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

मालतीबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्यापायी गेलं सगळं."

"तुझ्यापायी खोटं छापायचं राहिलं," मास्तर म्हणाले. "वाढ आता. भूक लागलीय."

त्याला तीन वर्षं झाली. हे छप्पन साल आहे. हैदराबाद राज्य मोडून नवे नकाशे होताहेत, बिदर म्हैसूरकडं चाललंय, आणि मास्तर अजून त्याच शाळेत विज्ञान शिकवतात. पाच पानांचा निबंध माझ्याखाली फळीवर आहे. कधी कुणी जावाच्या गाण्याचा इतिहास लिहायला बसलं आणि हिंडत इकडं आलं, तर त्यानं तो वाचावा. आणि माझ्यासारखं एखादं जुनं वाद्य हाती आलं, तर त्याला वाजवण्याआधी ते कुणी घासलं, कुणी तापवलं, कुणी सांभाळलं, त्या माणसाला विचारावं. नावासकट. एवढंच मागणं.

काशाची एक जात असते. आपला सूर कुणी समोर धरला की आम्ही कुणी न मारता आपोआप थरथरतो. तिकडं जावाला मी अशी कितीदा थरथरले असेन. आता तांबडं फुटतंय आणि मालतीबाईंनी अंगणात सडा टाकून भूपाळी धरलीय. सूर माझाच आहे, विस्तवाआधीचा, एका कंपनाचाही फरक नाही. मी फळीवर सगळं अंग एकवटून थांबलेय. पण माझ्यात काहीच हलत नाही.